बाळानं एकही गोळी खाल्ली नव्हती



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातल्या घटकावर नाही. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलेल्या प्रश्नावर आहे. तिला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. नंतर वाचलं, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं आणि मग वर्गात एक खेळ घेतला. तो खेळ तुम्हालाही घेता येईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ही मुलगी दोन आठवडे शाळेत आली नव्हती. तिच्या आईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बाळ झालं, मुलगी होती, वजन सव्वा किलोच्या आसपास. बाळाला मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं, मध्येच श्वास थांबायला लागला. रक्तात जंतू गेलेत म्हणून सांगितलं. एक औषध दिलं, मग ते बदलून दुसरं, मग तिसरं. अकराव्या दिवशी बाळ गेलं.

मुलगी शाळेत आली तेव्हा नेहमीसारखीच पाटी-दप्तर मांडून बसली. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, आजी म्हणते जंतूंना औषधाची सवय झाली होती, म्हणून औषध लागू पडलं नाही. पण बाळानं तर एकही गोळी खाल्ली नव्हती. मग सवय कशी झाली?"

मी तिला जवळ घेतलं आणि "सांगते हं बाळा" एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर मलाच नीट माहीत नव्हतं. डी.एड.ला असताना आपण जंतूंचे प्रकार पाठ केले, रोग आणि त्यांची लक्षणं यांच्या जोड्या लावल्या. पण हा प्रश्न त्या सगळ्याच्या पुढचा होता.

सवय कुणाला होते?

आपल्याकडे सर्रास म्हणतात, "सारखी औषधं घेतली की शरीराला सवय होते, मग औषध चालत नाही." अँटिबायोटिकच्या बाबतीत हे वाक्य चुकीचं आहे आणि चुकीचं असल्यामुळेच ते आपल्याला निर्धास्त करतं. शरीराला सवय होत असती तर ज्यानं जास्त गोळ्या खाल्ल्या त्याचंच नुकसान झालं असतं. मी माझ्या शरीराचं काय करायचं ते करीन, असं म्हणता आलं असतं.

पण बदल शरीरात होत नाही, जंतूंमध्ये होतो. अँटिबायोटिकला मराठीत आपण प्रतिजैविक म्हणतो. ते जिवाणूंना मारतं किंवा त्यांची वाढ थांबवतं. सर्दी, साधा फ्लू हे विषाणूंचे आजार, त्यांच्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. जिवाणू भराभर वाढतात. ई. कोलाय नावाचा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. एवढ्या वेगानं नकला निघताना थोड्या चुका होणारच. फळ्यावरचं उतरवून घेताना चाळीस मुलांपैकी एखाद्याच्या वहीत ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, तसंच. बहुतेक चुका बिनकामाच्या असतात. एखादी चूक मात्र अशी होते की त्या जिवाणूवर औषधाचा परिणाम होत नाही.

मग हे दाद न देणारे जिवाणू करतात तरी काय? काही जण औषधाचे तुकडे करणारा रस तयार करतात. काही जण आत आलेलं औषध पंपानं फेकावं तसं बाहेर फेकतात. काही जण औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतात, म्हणजे किल्ली तीच पण कुलूप दुसरं. औषधाचे तुकडे करण्याची ही युक्ती नवीनही नाही. पेनिसिलिन मोडून टाकणारं द्रव्य जिवाणूंमध्ये असतं हे शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा पेनिसिलिन दवाखान्यात नीट वापरातसुद्धा आलं नव्हतं. ज्यांनी पेनिसिलिन शोधलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात इशारा दिला होता की कमी मात्रेत औषध घेत राहिलं तर जंतू मरायच्या ऐवजी तयार होतील. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच ज्यांचं औषध त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट मला वाचेपर्यंत माहीत नव्हती. जिवाणू ही युक्ती एकमेकांना देतात. त्यांच्याजवळ मुख्य जनुकांशिवाय छोटी गोल चकतीसारखी जादा जनुकं असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून त्या प्लाझ्मिडची नक्कल देऊन टाकतो. दुसरा त्याच्या जातीचा असलाच पाहिजे असंही नाही. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकते ना, तसं. आणि त्या एका चिठ्ठीवर तीन-चार औषधांची उत्तरं एकदमच लिहिलेली असू शकतात.

चिंचोके आणि राजमा

आता खेळ. साहित्य: दोन ताटल्या, एक वाटी, साठेक चिंचोके, वीस-पंचवीस राजम्याचे दाणे. वेळ एक तास लागतो, पण गणिताचा तासही त्यातच होतो.

ताटलीत ३२ चिंचोके आणि २ राजमे ठेवायचे. चिंचोके म्हणजे साधे जंतू, औषधानं मरणारे. राजमे म्हणजे दाद न देणारे. सुरुवातीलाच मुलांना विचारायचं, ताटलीत कोण जास्त आहे? सगळे चिंचोके म्हणतात.

आता औषधाचा डोस. डोस म्हणजे प्रत्येक चार चिंचोक्यांतले तीन उचलायचे. राजम्याला हात लावायचा नाही. ३२ चे ८ चिंचोके उरले, राजमे २. मग जंतूंची वाढ, म्हणजे जे उरलेत ते दुप्पट करायचे. १६ चिंचोके, ४ राजमे. पुन्हा डोस: ४ आणि ४. पुन्हा वाढ: ८ आणि ८. इथं वर्गात एकदम कुजबुज सुरू होते, कारण बरोबरी झाली. तिसरा डोस: २ आणि ८. वाढ: ४ आणि १६.

आता फळ्यावर दुसरा तक्ता करायचा, औषध न देता नुसतं दुप्पट करत जायचं. ३२ आणि २, ६४ आणि ४, १२८ आणि ८, २५६ आणि १६. मुलांना विचारा, इथंही राजमे सोळाच झाले, मग फरक काय? थोडा वेळ द्या. आमच्या वर्गात एका मुलानं बरोबर सांगितलं, "मॅडम, इथं राजमे गर्दीत हरवलेत. तिथं ताटली त्यांचीच झालीय." औषधानं राजमा तयार केला नाही, तो आधीपासून होता. औषधानं त्याला मोकळं रान करून दिलं. एवढं मुलांच्या डोक्यात बसलं तर पन्नास टक्के काम झालं.

मोठ्या वर्गात घेणार असाल तर चिठ्ठीचा नियमही घाला. राजमा ज्या चिंचोक्याला टेकेल त्यावर खडूची रेघ मारायची, पुढच्या डोसात तो चिंचोका उचलायचा नाही. मग बघा काय होतं ते. आमच्या चौथीला एवढं झेपलं नाही, गोंधळ झाला, म्हणून मी तो भाग सोडून दिला.

एक मर्यादा पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावी. खेळात उरलेले जंतू वाढतच जातात. धडधाकट माणसात तसं होत नाही. औषध जंतूंची संख्या कमी करतं आणि उरलेसुरले शरीराच्या पांढऱ्या पेशी साफ करतात. म्हणून आपण बहुतेक वेळा बरे होतो. सव्वा किलोच्या बाळात ही साफसफाई करणारी फौजच अजून तयार झालेली नसते.

आता खेळाचा शेवटचा भाग. हाच त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो वर्गात घ्यावा की नाही याचा मी खूप विचार केला. आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "घ्या मॅडम. ती घरी रोज विचारते, मला सांगता येत नाही."

रिकामी वाटी घ्यायची. ही वाटी म्हणजे नुकतंच जन्मलेलं बाळ. तिच्यात ना चिंचोका, ना राजमा. या वाटीला आपण एकही डोस दिलेला नाही. मग एका मुलानं डोळे मिटून ताटलीतल्या त्या ४ चिंचोके आणि १६ राजम्यांतून पाच दाणे उचलायचे, चाचपून निवडायचे नाहीत, आणि वाटीत टाकायचे. वाटीत काय आलं? कितीही वेळा करा, किमान एक राजमा येतोच. का येतो ते मुलांनाच शोधू द्या. (चिंचोके चारच आहेत, दाणे पाच उचलायचे आहेत!)

वाटीनं औषध घेतलंच नव्हतं. औषध ताटलीत पडलं होतं.

एवढंसं बाळ आणि एवढी मोठी ताटली

सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात, पण त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातात. सातव्या महिन्यात आलेल्या बाळाचा हा डबा भरायच्या आतच गाडी सुटलेली असते. कातडी इतकी पातळ की जंतूंना अडवणारी भिंत म्हणून तिचा फारसा भरवसा नाही. आतडं कच्चं. त्यात जगवण्यासाठी सलाईनची नळी, नाकातून पोटात दुधाची नळी, कधी श्वासाची नळी. या नळ्यांशिवाय बाळ वाचत नाही आणि प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना एक दार.

जंतू रक्तात शिरून शरीरभर पसरला आणि शरीराचा तोल ढासळला की त्याला सेप्सिस म्हणतात. बाळात तो ओळखणं अवघड, कारण लक्षणं अगदी साधी असतात. दूध न ओढणं, मलूल पडणं, अंग गार पडणं किंवा तापणं, श्वास भरभर चालणं किंवा मध्येच थांबणं. घरी असलेल्या नवजात बाळात यातलं काहीही दिसलं तर "बघू उद्या" म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

नक्की कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध चालेल हे कळायला रक्ताचं कल्चर करतात. रक्त एका बाटलीत घालून उबेत ठेवतात, जंतू असेल तर तो वाढतो. याला साधारण एक-दोन दिवस जातात, मग कोणत्या औषधाला तो मरतो हे बघायला आणखी वेळ. शिवाय एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाचा एक पेला. त्यातून किती काढणार? म्हणून डॉक्टरांना रिपोर्टची वाट न बघता अंदाजानं औषध सुरू करावं लागतं. वर्षानुवर्षं अ‍ॅम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही स्वस्त जोडी पहिली वापरली जाते. अंदाज बरोबर निघाला तर बाळ सावरतं. जंतू त्या औषधाला दाद देणारा नसला तर ते कळेपर्यंतचे दोन दिवस वाया गेलेले असतात. मोठ्या माणसाला हे दोन दिवस निभावता येतात.

हे आपल्या देशात किती आहे? दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच रुग्णालयांत जन्मलेल्या आणि अतिदक्षता कक्षात ठेवाव्या लागलेल्या १३,५३० बाळांवर लक्ष ठेवलं होतं. ती सगळीच अपुऱ्या दिवसांची नव्हती. त्यांच्या रक्तात सगळ्यात जास्त सापडलेले जंतू म्हणजे अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय. अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेबसिएलापैकी ५४ टक्के जंतू अनेक औषधांना एकदम दाद न देणारे होते. ज्या बाळांच्या रक्तात जंतू वाढून दिसला त्यांच्यातली जवळपास निम्मी गेली.

हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सेप्सिसच्या एकूण प्रसंगांपैकी सुमारे दोन तृतीयांश जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत घडले होते. आणि या पहिल्या तीन दिवसांत सापडलेले जंतू नंतरच्या दिवसांत सापडणाऱ्या जंतूंसारखेच होते. म्हणजे बाळ जगात येऊन तीन दिवससुद्धा झाले नाहीत आणि अनेक औषधं पचवलेला जंतू त्याच्या रक्तात. तीन दिवसांत कुठली आलीय सवय? ते जंतू आधीच तिथं होते, प्रसूतीच्या खोलीत, नळ्यांवर, बेसिनमध्ये, हातांवर, आणि कदाचित आपल्यासारख्या चालत्या-फिरत्या माणसांच्या आतड्यांतही.

ताटली किती मोठी आहे याचं आणखी एक उदाहरण. कार्बापेनेम नावाची औषधं फार जपून वापरायची म्हणून राखून ठेवलेली असतात. तीही मोडून टाकणाऱ्या एका द्रव्याचं नाव आहे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएलात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. या नावावरून आपल्याकडे बरीच नाराजी झाली, ती समजू शकते. पण २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष आले तेव्हा नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांमध्ये या द्रव्याचं जनुक सापडलं. म्हणजे चिठ्ठी वर्गाबाहेर, रस्त्यावर पोचली होती.

कार्बापेनेमही चाललं नाही तर डॉक्टर कॉलिस्टिनकडे वळतात. हे जुनं औषध, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून बाजूला ठेवलेलं. दुसरं काही उरलं नाही म्हणून परत आणावं लागलं. आणि हेच कॉलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात घातलं जात होतं, कोंबडी आजारी म्हणून नव्हे, तर लवकर वजन भरावं म्हणून! २०१९ मध्ये केंद्र सरकारनं प्राण्यांच्या खाद्यातला त्याचा वापर बंद केला. मला हे वाचून संताप आला. मग माझं मलाच आठवलं.

माझ्या पर्समधली स्ट्रिप

आपला घसा म्हणजे आपलं हत्यार. दिवसभर ओरडून ओरडून दर पावसाळ्यात माझा घसा बसतो. गेली कित्येक वर्षं मी काय करत आले? मेडिकलमध्ये जाऊन "ती तीन दिवसांची तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या" म्हणायचं. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. दोन गोळ्यांत बरं वाटलं की तिसरी पर्समध्ये. पुढे स्टाफरूममध्ये कुणाचा घसा धरला की ती त्याला. आमच्या शाळेत मी याबाबतीत जाणकार समजली जायचे, हे सांगताना आता लाज वाटते.

घसा बसण्याची बहुतेक कारणं विषाणूंची किंवा नुसत्या ओरडण्याची. त्या गोळ्यांनी माझा घसा बरा झाला नाही, तो तसाही चार दिवसांत झालाच असता. पण गोळी काही फक्त घशात जात नाही. ती पोटात जाते, आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंवर पडते आणि तिथं चिंचोके-राजम्याचा खेळ होतो. दर पावसाळ्यात एक डोस. ते जिवाणू मग संडासातून नाल्यात, नाल्यातून नदीत जातात. माझ्या हातावरही असतात. आणि बारशाला मी किती बाळं मांडीवर घेतली असतील!

माझ्या गोळीमुळेच त्या मुलीची बहीण गेली असं कुणी म्हणू शकणार नाही. पण माझी गोळी त्या ताटलीत पडलीच नाही, असंही मला म्हणता येत नाही.

पालकांसाठी थोडं कामाचं सांगते. प्रतिजैविकाच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते. ती दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही. २०१४ पासून तर काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी दुकानदारानं वेगळी वही ठेवून नोंद करायची असा नियम आहे. आणि "कोर्स पूर्ण करा" हे वाक्य आपण मुलांना शिकवतो, त्यात थोडी दुरुस्ती हवी. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस, ना कमी ना जास्त. बरं वाटलं म्हणून मनानं सोडायचं नाही, आणि "आणखी दोन दिवस घेऊन टाकते, पक्कं होईल" असंही करायचं नाही. डॉक्टरांकडे जाऊन "जरा भारी औषध द्या" हा आग्रह तर बंदच करा. उलट विचारा, "याला अँटिबायोटिकची गरज आहे का?" मी आता विचारते. डॉक्टर रागावत नाहीत, बहुतेकांना बरंच वाटतं.

हात, छाती आणि चीक

हे सगळं वाचून हातपाय गाळायचं कारण नाही. जंतू औषधाला दाद देत नसला तरी साबणाला देतोच. त्याला बाळापर्यंत पोचूच दिलं नाही तर औषधाचा प्रश्नच येत नाही.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून प्रसूतीकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, जंतूंमुळे रोग होतो हेसुद्धा सिद्ध व्हायचं होतं. आज बाळांच्या कक्षाबाहेर "हात धुवा, अंगठी-बांगड्या काढा, एकाच माणसानं आत या" असं लिहिलेलं असतं ते याच कारणानं. पण आपण काय करतो? गावाहून जीप भरून पाहुणे आणतो आणि सिस्टर अडवतात म्हणून त्यांच्याशी भांडतो. पुढच्या वेळी सिस्टरच्या बाजूनं बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणं. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना, तब्येत पूर्ण स्थिरावण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवलं तर काय होतं हे त्यात पाहिलं. पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. ऊब मिळते हे तर आहेच, शिवाय बाळाच्या अंगावर पहिली वस्ती आईच्या ओळखीच्या जंतूंची होते, दवाखान्याच्या जंतूंची नाही, असंही एक कारण सांगतात. वाटी रिकामी राहत नाही, तिच्यात आधीच आईनं दिलेले साधे दाणे असतात. अर्थात यासाठी बाळाच्या कक्षात आईलाही जागा लागते आणि ती सगळीकडे नसते.

तिसरी गोष्ट आईचं दूध, त्यातही पहिला घट्ट पिवळसर चीक. बाळ ओढू शकत नसेल तर काढून नळीनं देतात. आमच्या भागात अजून काही घरी चीक काढून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुटी चाटवतात. पालकहो, हे करू नका. सासूबाईंना वाईट वाटलं तरी चालेल.

आणि गडचिरोलीची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राचीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत, गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. हात धुणं, बाळाला उबेत ठेवणं, वजन करणं, सेप्सिसची लक्षणं ओळखणं, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंसुद्धा. १९९९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करतात त्याचं मूळ या कामात आहे. यात माझ्यासारखीला एक गोष्ट टोचते. ती सुई स्वस्त, साधी, जुन्या औषधाची होती. ती चालली, कारण तिथले जंतू तिला दाद देत होते. ज्या मोठ्या कक्षात एवढी यंत्रं आहेत तिथं हेच औषध अनेकदा पुरं पडत नाही.

वर्गात काय झालं

खेळ संपला तेव्हा वाटीत एक चिंचोका आणि चार राजमे आले होते. मी म्हणाले, "बघा, वाटीनं औषध घेतलंच नव्हतं, तरी राजमे आले." मुलं गप्प होती. ती मुलगी वाटीकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे बाळाची चूक नव्हती."

"नाही गं, मुळीच नव्हती."

"आईची?"

"आईची पण नव्हती."

नंतर तिच्या आईकडून कळलं की घरात कुणीतरी बोलून गेलं होतं, गरोदरपणात हिनंच काहीबाही गोळ्या खाल्ल्या असतील. ते या पोरीनं ऐकलं होतं. तिचा प्रश्न जंतूंबद्दल होता असं मी पंधरा दिवस समजत होते.

मागच्या बाकावरच्या एकानं हात वर केला. "मॅडम, वाटीत दाणे टाकायच्या आधी त्यानं हात धुतले असते तर?" मी म्हटलं, तर पाचच्या ऐवजी एखादाच दाणा आला असता, कदाचित एकही नाही. लगेच सगळ्यांना पुन्हा खेळायचं होतं, हात धुऊन. घंटा झाली होती, पण खेळलो.

खेळ घेतलात तर तुमच्या वर्गात मुलांनी काय विचारलं ते जरूर कळवा. चिंचोके आधी धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर हाताला चिकटतात. आणि राजमा मोजून घ्या. आमच्याकडे तास संपल्यावर तीन दाणे कमी भरले, एक जण खिशात घालून घरी पेरायला घेऊन गेला होता.